नव्वद हजारांत लडाख, व्हाया आगरदांडा

वडखळ नाक्यावर रविवारी सकाळी उभं राहिलं की मुंबईकडून एक वेगळीच जमात येताना दिसते. गुडघ्या-कोपरांना ढाली लावलेला पोशाख, हेल्मेटवर कॅमेरा, गाडीच्या दोन्ही अंगांना अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या आणि हेडलाइटच्या खाली पुढे आलेली एक चोच. ही चोच महत्त्वाची. जिला चोच ती अ‍ॅडव्हेंचर बाइक. बाकीच्या नुसत्याच मोटारसायकली. ही मंडळी नाक्यावर थांबतात, वडापाव खातात, एकमेकांच्या गाड्यांचे फोटो काढतात आणि पंचवीसेक किलोमीटरवरच्या अलिबागला साहस करायला निघतात.

त्याच नाक्यावरून त्याच वेळी दूधवाला जातो. त्याच्या गाडीला चोच सोडा, मागचं मडगार्डही नसतं. दोन कॅन, एक पोरगं, तोंडात तंबाखू. खड्डे मात्र दोघांना तेच. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं आणि इतकी वर्षं चाललं की तेव्हा माझ्याकडे पहिलीत असलेली पोरं पुढे लायसन काढून त्याच रस्त्यावर पडायला लागली. त्यामुळे आमच्या रायगड जिल्ह्यात साहसासाठी वेगळी गाडी घ्यावी लागत नाही, हे मला पन्नाशीपर्यंत मान्य होतं. पन्नाशी लागली आणि चोच हवीशी वाटू लागली.

घरात जाहीर केलं तेव्हा बायकोनं "कशाला?" असं विचारलं नाही. "कुठे?" असं विचारलं.

"लडाखला."

"आधी रोह्याला जाऊन या. आत्याबाई कधीपासून बोलावतायत."

मग बजेट मंजूर झालं. नव्वद हजार. त्यावरचा रुपया भिशीचा, त्याला हात लावायचा नाही. शिवाय दोन कलमं: पायाला जमीन लागली पाहिजे, आणि शनिवारी व्यवहार करायचा नाही. शनिवारी लोखंड घरात आणत नाहीत. "हल्लीच्या गाड्या निम्म्या प्लॅस्टिकच्या असतात," असं मी म्हणून पाहिलं. "मग निम्मी आणू नका," असं उत्तर आलं.

नव्वद हजारांत नवी घ्यायची तर चोच आणि एक आरसा आला असता. म्हणजे जुनी बघणं आलं. जुन्या बाजाराचा इतिहास मी शाळेच्या स्टाफरूममध्ये बसून पाठ केला. 2011 साली हीरोनं इम्पल्स नावाची उंच, दीडशे सीसीची गाडी काढली. लोकांनी तिला शोरूममध्ये जाऊन कौतुकानं पाहिलं आणि शेजारची स्प्लेंडर घेऊन घरी गेले. इम्पल्स बंद पडली, आणि बंद पडल्यावर लोक ती शोधायला लागले. 2016 साली रॉयल एन्फिल्डची 411 सीसीची हिमालयन आली आणि चाळिशीतल्या पुरुषांना लडाख हे आपलं आजोळ आहे असं वाटू लागलं. 2018 साली होसूरला तयार होणारी बीएमडब्ल्यू जी 310 जीएस आली. मे 2019 मध्ये हीरोची एक्सपल्स 200, कार्ब्युरेटरवाली 97 हजारांना. जानेवारी 2020 मध्ये केटीएमची 390 अ‍ॅडव्हेंचर, दोन लाख नव्व्याण्णव हजारांना. एवढं पाठ झाल्यावर मला वाटलं आता गाडी घ्यायला हरकत नाही. मग मिस्त्रींकडे गेलो आणि पाठ केलेलं सगळं परत घेऊन आलो.

मिस्त्री पोयनाडचे. गॅरेजला पाटी नाही; पाटी ठोकायला जी भिंत लागते तीही नाही. एक आंब्याचं झाड, खाली दोन फळ्या आणि ग्रीसनं काळी झालेली जमीन. माझा इतिहास त्यांनी एक चेन साफ करता करता ऐकला.

"गुर्जी, गारी कोनी कवा कारली ते माज्या कामाचं नाय," ते म्हणाले. "कोनी कशी वापरली ते बोला."

ते मला माहीत नव्हतं. ते बघायलाच जायचं होतं. मिस्त्रींनी यायचं कबूल केलं, पण त्यांनीही एक कलम घातलं. "गारीवर बसल्यावर हसायचं नाय. गिऱ्हाईक हसला का पाच हजार वर."

शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि आम्ही निघालो. वाहन मिस्त्रींची स्कूटर. तिच्या वयाचा विषय ते काढू देत नाहीत. सीटखालच्या डिकीत पाने, प्लगपाना, एक चिंधी, एक लोहचुंबक आणि कांदाभजी. शनिवारी फक्त बघायचं, घ्यायचं नाही, हे घरी कळवून झालं होतं.

पहिली गाडी अलिबागला, वरसोलीच्या बाजूला एका बंगल्यात. मालक मुंबईचे. मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, तेव्हापासून असे बंगले आणि त्या बंगल्यांत अशा गाड्या वाढल्या. गाडीवर कव्हर होतं. ते काढल्यावर आत आणखी एक कव्हर होतं. आत हिमालयन, बीएस-6, नव्या नवरीला लाजवील अशी. टाकीवर खारदुंगला खिंडीच्या उंचीचा स्टिकर.

"कधी गेला होता?" मी आदरानं विचारलं.

"जायचं होतं," मालक म्हणाले. "सहा हजार दोनशे किलोमीटर फक्त. सिंगल हँड. एक रुपयाचं काम नाही." मग त्यांनी मीटरमधलं डिजिटल होकायंत्र दाखवलं. "नॉर्थ कायम कळते."

वास्तविक होकायंत्र दाखवायला अलिबागसारखं गाव नाही. इथल्या चुंबकीय वेधशाळेत 1904 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होतायत. ती आधी कुलाब्याला होती, पण मुंबईत विजेच्या ट्रामा येणार म्हटल्यावर सुया बिथरतील म्हणून नानाभॉय मूस यांच्या देखरेखीखाली ती अलिबागला आणली, आणि तिच्या खास इमारतींत लोखंड येऊ दिलं नाही. शनिवारचा नियम त्यांनी सातही वार पाळला म्हणायचा. एवढी उत्तर दिशा मोजलेल्या गावात प्रत्यक्ष पत्ता मात्र कुणी उत्तर-दक्षिण असा सांगत नाही. स्टँडावरून सरळ, मग वडाच्या झाडाशी डावीकडे.

मिस्त्रींनी होकायंत्राकडे पाहिलंही नाही. ते टायरपाशी उकिडवे बसले. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात; पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. त्यांनी अंगठ्याचं नख रबरात रोवायचा प्रयत्न केला. नख गेलं नाही. "टायर चाललाच नाय, पन म्हातारा झाला," ते म्हणाले. मग पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि मान फिरवली. बॅटरीला चार्जरची वायर जोडलेली होती. ती त्यांनी काढली आणि सेल्फ मारला. गाडीनं एकदा घसा साफ केला आणि गप्प बसली. यात कंपनीचा काही दोष नव्हता. उन्हाळे, पावसाळे आणि खारा वारा अंगावर घेत कुणालाही एका जागी उभं केलं तर हेच होणार.

"उबी गारी कुजते, गुर्जी," मिस्त्री माझ्या कानात म्हणाले. "आनि आता हिला जरा उचलून बगा."

हिचं वजन 199 किलो, माझं अठ्ठावन्न. नागावच्या किनाऱ्यावर ही वाळूत आडवी झाली तर उभी करायला तिघं लागतील. शनिवारी तिघं मिळतात. मंगळवारी नारळाची झाडं असतात.

किंमत निघाली एक लाख पस्तीस. वर थोडा बोजा बाकी होता, म्हणजे कर्ज फिटायचं होतं. ते फिटून बँकेचं पत्र आणि 35 नंबरचा फॉर्म हातात पडल्याशिवाय आरसीवरून बोजा उतरत नाही. मी नव्वद म्हटलं. मालक हसले आणि हिंदीत म्हणाले, "क्या सर, अलिबाग से आए हो क्या?"

"नाही, पेणहून," मी म्हणालो. "अलिबागला तुम्ही राहता."

या वाक्प्रचारावर बंदी घाला म्हणून 2019 साली एक अलिबागकर मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. असले विनोद सगळ्यांवरच होतात, मनावर घेऊ नका, अशा अर्थाचं सांगून न्यायालयानं याचिका फेटाळली. आम्हीही मनावर घेतलं नाही. भजी खाल्ली आणि चौलच्या रस्त्याला लागलो.

चौल-रेवदंड्याला बघायला गाडी नव्हती, पण वापरलेल्या वाहनाच्या व्यवहाराचं सगळ्यात जुनं प्रकरण इथलंच आहे. 1469 च्या सुमाराला रशियातल्या त्वेर गावचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी चौल बंदरात उतरला. बरोबर एक घोडा. हिंदुस्थानात घोड्याला भाव चांगला मिळतो असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं शंभर रूबल खर्च करून तो आणला, आणि पुढची सगळी कहाणी आजच्या कुणाही विक्रेत्याला पाठ असेल: गिऱ्हाईक मिळेना. पावसाळा जुन्नरला काढावा लागला. तिथल्या खानानं घोडाच जप्त केला, मोठ्या मिनतवारीनं तो परत मिळाला, आणि शेवटी बिदरला एकदाचा खपला. तोवर खाणं चालूच. इकडे घोड्यांना वाटाणे आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी देतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. वाहन विकलं जाईपर्यंतचा खर्च किती येतो याची ती नोंद. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. मिस्त्रींना मी हे सगळं स्कूटरवर ओरडून सांगितलं.

"घोरा फर्स्ट ओनर होता का?" त्यांनी विचारलं.

कुंडलिकेवरचा पूल ओलांडून साळाव, मग डावीकडे डोंगर आणि उजवीकडे समुद्र. कोर्लईच्या किल्ल्याखालच्या गावात पोर्तुगीजांनी मागे ठेवलेली बोली अजून बोलतात. त्यांच्याकडे विकायला काही नव्हतं. काशिदला पर्यटकांच्या मोटारी वाळूत रुतल्या होत्या आणि त्या ट्रॅक्टरनं ओढणारे लोक शांतपणे भाव सांगत होते. मिस्त्री तिथे दोन मिनिटं थांबले. पडलेली वाहनं बघितली की त्यांना बरं वाटतं.

नांदगावच्या गाडीची कंपनी सांगत नाही, कारण गाडीची काही चूक नव्हती. विकणारा तरुण होता, किनाऱ्यावर वाहनं भाड्यानं द्यायचा. "शोरूम कंडिशन, काका," त्यानं फोनवर सांगितलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा गाडी अंगणात धुऊन, पॉलिश मारून, उन्हात चमकत होती.

इथे मिस्त्रींचं काम जवळून बघायला मिळालं. ते गाडीला हात लावण्याआधी सायलेन्सरजवळ तळहात नेऊन थांबले. गरम होता. "आमी येतो म्हनून तापवून ठेवली?" ते हसून म्हणाले. थंड इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं का, टॅपेट वाजतात का, धूर येतो का, हे तापलेल्या इंजिनावर कळत नाही. मग डिकीतला चुंबक काढून त्यांनी तो टाकीवरून फिरवला. डाव्या बाजूला तो चिकटेना. तिथे रंगाखाली पुट्टी होती. पुढच्या शॉकअपच्या नळीवरून नख वरून खाली ओढलं, तीन ठिकाणी अडकलं. खाऱ्या पाण्यानं नळीला खळगे पडले होते, आणि अशा नळीवर नवं सील घातलं तरी पहिल्या महिन्यात तेल गळणार. मागच्या चक्रावरची चेन दोन बोटांनी मागे ओढली. ती दातापासून अर्धी सुटली. पुढचं चाक वर उचलायला लावून हँडल हळूहळू डावी-उजवीकडे फिरवलं. मधोमध एक बारीकसा खटका लागला. "कोनसेट," ते म्हणाले. मीटर अकरा हजार दाखवत होता आणि ब्रेकच्या पायपट्टीवरचं रबर पार गुळगुळीत झालं होतं. आकडे बदलता येतात, पाय खोटं बोलत नाही.

शेवटी त्यांनी हेडलाइटचे दोन स्क्रू काढले आणि आत बोट घातलं. बोट तांबडं झालं. वाळलेला गाळ.

"थोडं पाणी लागलं होतं," तरुण म्हणाला.

"कवा?"

"एकवीस साली. आधीच्या मालकाकडे. महाडला."

"कवरा पानी?"

"पहिल्या मजल्यापर्यंत."

जुलै 2021 मध्ये सावित्रीचं पाणी महाडात शिरलं तेव्हा हजारो गाड्या बुडाल्या. त्यांतल्या काही धुऊन-पुसून बाजारात फिरत असतात. अशा गाडीत पाणी इंजिनातून काढता येतं. वायरिंगच्या जोडांत बसलेला गाळ मात्र दर पावसाळ्यात नवा प्रश्न काढतो. हेडलाइटचे स्क्रू मिस्त्रींनी जिथले तिथे बसवून दिले. गाडी घ्यायची नाही म्हणून ती उघडी ठेवायची नाही, ही त्यांची रीत.

मुरूडच्या गाडीचं थोडक्यात सांगतो. केटीएम 390, नीट जपलेली, कागद चोख. फक्त सीटची उंची 855 मिलिमीटर. मी चढलो. एका बाजूचा अंगठा जमिनीला लागला तेव्हा दुसरा पाय वाऱ्यावर होता. मालक मुलगा सहा फुटी, त्यानं आपुलकीनं सुचवलं, "जाड तळव्याचे बूट घ्या." मी पोशाखाचाही हिशेब करत होतो, तोवर त्यानं किंमत सांगितली आणि बुटांचा प्रश्न मिटला. मी घासाघीस करून पाहिली, पण तो एक रुपया हलेना. समोर समुद्रात जंजिरा उभा. संभाजी महाराजांनी समुद्रात भराव टाकून सेतू बांधायचा प्रयत्न केला तरी तो हाती आला नाही. 1948 साली संस्थान विलीन होईपर्यंत अजिंक्यच राहिला. त्या गावात नव्वद हजार घेऊन वाटाघाटी करायला जाणं हे माझं लडाखच.

आगरदांड्याहून दिघीला जंगलजेटीनं जायचं. ही सपाट लोखंडी फेरीबोट राजपुरीची खाडी ओलांडून देते. नाहीतर रोहा-तळा-म्हसळा असा मोठा वळसा. आमच्याबरोबर बोटीवर मुंबईचे चारजण होते, चोचवाले, पेट्यांसकट. गाड्या त्यांनी साइड स्टँडवर लावल्या. बोट सुटली, डेक हलला, आणि एका गाडीचा स्टँड ओल्या लोखंडावर इंचभर सरकला. त्या क्षणापासून दिघीचा धक्का येईपर्यंत ते चौघं आपापल्या गाड्यांना दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. लांबवर जंजिऱ्यामागे सूर्य कलत होता, पण कॅमेऱ्याकडे हात न्यायची सोय नव्हती. मिस्त्रींनी स्कूटर मेन स्टँडवर लावली होती आणि कठड्याशी शेंगदाणे खात होते.

"गुर्जी, एक इचारू?" ते म्हणाले. "अ‍ॅडव्हेंचर गारी पडली तर कोन उचलतो?"

"आपणच."

"मंग आपल्या अंगापरमानं घ्यावी."

फोरमवर, मासिकात, स्टाफरूममध्ये कुठेही मला एवढं सोपं मोजमाप मिळालं नव्हतं. अश्वशक्ती, टॉर्क, सस्पेन्शनचा प्रवास, सगळं खरं. पण पंचाण्णव टक्के साहस गाडी आडवी झाल्यावर सुरू होतं.

दिवेआगरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. शेवटची गाडी एका नारळ-पोफळीच्या वाडीत होती. एक्सपल्स 200, 2019 ची, कार्ब्युरेटरवाली. विहिरीजवळ उभी, अंगभर ओरखडे, हँडलला कोयता अडकवलेला आणि मागे बोर्लीत वेल्डिंग करून घेतलेला लोखंडी कॅरियर. कॅरियरवर नारळांचं पोतं. काकांनी पोतं उतरवून गाडी दाखवायला मोकळी केली.

"किती चालल्ये?"

"एकेचाळीस हजार."

माझं तोंड पडलं. मिस्त्रींचं उजळलं.

"लांब कुठे नेली होती?" मी विचारलं.

"नेली ना. म्हसळ्याला."

"लडाख वगैरे?"

काकांनी थोडा विचार केला. "तिकडे नारळाला भाव काय आहे?"

मिस्त्रींनी सायलेन्सरला हात लावला. गार. किल्ली फिरवली, चोक ओढला, सेल्फ मारला. दुसऱ्या प्रयत्नात गाडी सुरू झाली आणि एका लयीत चालत राहिली. चेन ओढली, सुटली; चेन-स्प्रॉकेट बदलायचं. मागचा टायर संपलेला. ब्रेकपॅड कागदाएवढे. पण शॉकअपच्या नळ्या गुळगुळीत, कोनसेटमध्ये खटका नाही, हेडलाइटच्या आत धूळ, गाळ नाही. संपलेल्या सगळ्या वस्तू दुकानात मिळणाऱ्या होत्या. दुकानात न मिळणारं सगळं शाबूत होतं.

"पावसात उभी असते का?" मिस्त्रींनी विचारलं.

"उभी राहायला फुरसत कुठे आहे?" काका म्हणाले. मग निसर्ग वादळाचं सांगू लागले. 3 जून 2020. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोफळी दुपारभरात आडव्या झाल्या. गावातून बाहेर पडायला रस्ता नाही. शंभर पावलांवर एक झाड. ट्रॅक्टर अडले, मोटारी अडल्या. ही गाडी तेवढी चालली, कारण वाटेत खोड आलं की दोघांनी धरून पलीकडे ठेवायची आणि पुन्हा बसायचं. दीडशे किलोच्या आसपास वजन, पुढे 21 इंची चाक, पोटाखाली 220 मिलिमीटर जागा. हे आकडे मी स्टाफरूममध्ये पाठ केले होते. त्यांचा अर्थ काकांनी एकही आकडा न घेता सांगितला. औषधं, दळण, मेणबत्त्या, ताडपत्री, सगळं या कॅरियरवरून आलं.

मी गाडीवर बसलो. सीट 823 मिलिमीटर. चवड्यांवर का होईना, दोन्ही पाय टेकले. आणि मी हसलो.

"पंच्याऐंशी," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

इतका वेळ काकूंनी फक्त पाणी आणून दिलं होतं. व्यवहार त्यांच्याकडे आहे हे आता कळलं. मिस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेत पोरांकडेही कधी पाहिलं नसेल. मग चेन-स्प्रॉकेट, टायर, ब्रेकपॅड अशी दुखणी त्यांनी एकेक करून सांगितली. काकूंनी प्रत्येक दुखण्यावर पाचशे कमी केले आणि कॅरियरचे हजार वाढवले. सत्तर म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सत्तरात नारळ न्या." शेवटी अठ्ठ्याहत्तरवर गोष्ट आली, वर दहा नारळ. मी खिशात हात घातला आणि फोन वाजला.

"आज शनिवार आहे," पलीकडून बायको म्हणाली.

"घरात कुठे आणतोय? पोयनाडला ठेवतो."

"टोकन दिलं म्हणजे घेतलंच."

काकूंना ते फोनबाहेरही ऐकू गेलं. "बरोबर आहे त्यांचं," त्या म्हणाल्या. "आम्हीही आज देणार नाही." दोन बायकांचा एकमेकींना न भेटता समझोता झाला आणि आम्हाला पथारी मिळाली. रात्री मोदक होते. मिस्त्रींनी पाच खाल्ले आणि किंमत अजून हजारानं उतरली असती असं झोपताना सांगितलं.

रविवारी उजाडताच कागद. आरसी एमएच-06, म्हणजे आमचंच पेणचं आरटीओ. परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून मालकाचं नाव, विमा, बोजा नाही, हे ताडून पाहिलं. मिस्त्रींनी चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि उमटलेला आकडा आरसीशी अक्षरन्‌अक्षर लावला. 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर काकांच्या सह्या. विमा गाडीबरोबर येतो, पण चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो. आणि काकांनी अपघात न करता साठवलेला नो-क्लेम बोनस काकांचाच राहतो. तो अठ्ठ्याहत्तरात येत नाही. उरलेले बारा हजार चेन, टायर, पॅड, फी आणि विमा यांनी आपसात वाटून घेतले. भिशी वाचली.

काकांनी कोयता काढून घेतला, कॅरियर राहू दिला.

नव्या नावाची आरसी हातात आली ती घेऊन मी पोयनाडला मिस्त्रींना दाखवायला गेलो. त्यांनी वाहनाच्या वर्गाच्या ओळीवर काळं बोट ठेवलं. तिथे एम-सायकल/स्कूटर असं एकाच रकान्यात लिहिलेलं होतं. माझी एक्सपल्स आणि त्यांची वय न सांगण्याजोगी स्कूटर, सरकारदरबारी सख्ख्या बहिणी. त्यांना त्याचा इतका आनंद झाला की त्यांनी टायर बसवायची मजुरी घेतली नाही.

त्याच वेळी आंब्याखाली मुंबईचे एक गृहस्थ थांबले. नवंकोरं जाकीट, ढालींसकट. त्यांच्या मोटारीत हवा भरायची होती. त्यांची नजर माझ्या गाडीवर गेली, चोचीवर थांबली. सेकंडहँड शोधतोय म्हणाले. विकणार का?

"नाही," मी म्हणालो, "पण विचारा."

"किलोमीटर?"

"एकेचाळीस हजार तीनशे."

त्यांनी ओठ दाबून मान हलवली. "फारच चाललीये हो. मी एक बघायला चाललोय, वरसोलीला. सहा हजार फक्त. सिंगल हँड." हवेचे पैसे देऊन ते अलिबागच्या दिशेला गेले.

मी मिस्त्रींकडे पाहिलं. सांगायला हवं होतं का? त्यांनी चिंधीनं हात पुसले, फळीवर बसले आणि शेंगदाण्यांची पुडी उघडली.

"जाव द्या गुर्जी," ते म्हणाले. "तीपन इथंच येनार, टेम्पोत घालून."